कॅमेरा गाडीच्या आत होता : जमिनीच्या भांडणाचे जुने सिनेमे आणि आपला सातपुडा

(ज्यांना हेडफोन लावून ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचा लेखी मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त अधलेमधले ‘म्हणजे’ कमी केलेत.)

मलकापुरातून बोलतोय. आज सिनेमावर बोलायचंय, पण गाडी शेवटी जमिनीवर येणार आहे, सातबाऱ्यावर. तेव्हा जरा धीर धरा.

‘शोले’ आठवा. १९७५. सुरुवातीलाच मालगाडी धावतेय, आत ठाकूर, जय आणि वीरू, आणि बाजूनं धूळ उडवत घोड्यांवरचे डाकू. पनवेलजवळच्या रुळांवर शूट झालेला हा सीन आपल्याला पाठ आहे. पण आयडिया आपली नाही. धावती गाडी, घोड्यांवरून हल्ला, आतून गोळीबार, ही अमेरिकेतल्या ‘वेस्टर्न’ सिनेमाची ठरलेली चाल. फरक एवढाच की तिकडे बऱ्याच वेळा घोड्यांवर डाकू नसायचे. तिथले आदिवासी असायचे. अपाची, कोमांची, शायेन. आपल्याकडे जुन्या पिढीनं सगळ्यांना मिळून एकच नाव दिलं होतं, रेड इंडियन. कोलंबस भारत शोधायला निघाला आणि चुकीच्या किनाऱ्याला लागला, त्याची शिक्षा त्या लोकांना अशी की नाव आपलं मिळालं.

आता या सीनमध्ये एक प्रश्न विचारा. कॅमेरा कुठे आहे?

१९३९ चा जॉन फोर्डचा ‘स्टेजकोच’ घ्या. घोडागाडी वाळवंटातून चाललीय. आत नऊ माणसं. दारुडा डॉक्टर, गरोदर बाई, पैसे घेऊन पळालेला बँकवाला, जॉन वेन. दीड तासात आपल्याला या सगळ्यांची नावं, भानगडी, प्रेमं कळतात. मग टेकाडावर अपाची दिसतात. त्यांच्यातल्या एकाचीही गोष्ट आपल्याला ठाऊक नसते. ते कुठून आले, त्यांचं घर कुठे, या रस्त्यावर त्यांचा राग काऊन आहे बाप्पा, काहीच नाही. ते पडतात, आपण मोजतो. शेवटी घोडदळाचं बिगुल वाजतं आणि आपण सुटकेचा श्वास टाकतो. कारण कॅमेरा गाडीच्या आत होता. आपणही आत होतो.

बरं, ज्या रस्त्यानं ही गाडी चालली होती ती जमीन कोणाची? हा प्रश्न सिनेमा विचारतच नाही.

त्याच फोर्डनं १९५६ मध्ये ‘द सर्चर्स’ काढला. हा मात्र बघाच. पुन्हा जॉन वेन, पण या वेळी त्याचा हिरो बघून पोटात गोळा येतो. गोष्ट टेक्सासमध्ये १८६८ साली सुरू होते. कोमांची लोक त्याच्या भावाचं घर जाळतात, धाकट्या पुतणीला घेऊन जातात. तो वर्षानुवर्षं तिला शोधतो. आणि मग आपल्या लक्षात येतं की हा तिला वाचवायला नाही, मारायला शोधतोय. ती त्यांच्यात राहिली, म्हणजे आता ती आपली नाही! शेवटी काय होतं ते सांगत नाही. पण वसाहत करणाऱ्याच्या मनातला द्वेष इतका उघडा दाखवणारा सिनेमा तोपर्यंत हॉलिवूडनं क्वचितच काढला होता.

तरीही गंमत बघा. कोमांची सरदाराचं काम केलंय बर्लिनमध्ये जन्मलेल्या गोऱ्या नटानं. मागे दिसणारे कोमांची प्रत्यक्षात नावाहो लोक आहेत, कारण शूटिंग नावाहोंच्या भूमीत झालं, मॉन्युमेंट व्हॅलीत. टेक्सासची गोष्ट, आणि डोंगर शेकडो मैल लांबचे. या नावाहोंना अमेरिकी सैन्यानं १८६४ मध्ये त्यांच्या मुलुखातून हाकलून शेकडो मैल चालवत नेलं होतं. १८६८ च्या तहानं ते परत आले. सिनेमाची गोष्ट सुरू होते तेही साल १८६८. म्हणजे त्याच साली, त्याच लाल खडकांत, खरी गोष्ट घडत होती. कॅमेरा तिथेच होता, पण दुसरीच गोष्ट घेत होता.

फोर्डनं उतारवयात त्याची भरपाई करायचा प्रयत्न केला. १९६४ चा ‘शायेन ऑटम’. आपल्या मुलुखात परतायला निघालेल्या शायेन लोकांची १८७८ ची पायपीट. हेतू चांगला, सिनेमा मात्र लांबट, आणि शायेन पुढाऱ्यांच्या भूमिकांत पुन्हा बाहेरचेच नट. पुढे १९७० चा ‘लिटल बिग मॅन’ आला, त्यात चीफ डॅन जॉर्ज या खऱ्याखुऱ्या मूलनिवासी माणसानं असं काम केलं की ऑस्करचं नामांकन मिळालं. १९९० च्या ‘डान्सेस विथ वुल्व्ह्ज’मध्ये लोक लाकोटा भाषेत बोलतात, आणि खाली सबटायटल येतात. सात ऑस्कर. पण गोष्ट सांगणारा तोच, गोरा सैनिक. गाडीतून उतरलाय खरा, पण माइक अजून त्याच्याच हातात.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, हे सगळं अमेरिकेचं झालं, आपला काय संबंध?

संबंध आहे, आणि तो मलकापूर स्टेशनवरून जातो.

१८६२ साली अमेरिकेत ‘होमस्टेड’ कायदा झाला. पाच वर्षं राहा, कसा, आणि १६० एकर तुमचे. वेस्टर्न सिनेमातली ती लाकडी घरं, ती कुंपणं, सगळी या कायद्यानंतरची. त्याच वेळी तिथे यादवी युद्ध चालू होतं, १८६१ ते १८६५. अमेरिकेचा कापूस मँचेस्टरला जाईना. गिरण्यांना कापूस हवा. मग साहेबाची नजर वळली वऱ्हाड-खानदेशाच्या काळ्या मातीकडे. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात होतंच. कापसाचा भाव वाढला, मुंबईहून निघालेले रूळ भुसावळ, मलकापूर करत १८६७ मध्ये नागपूरला भिडले. १८७० मध्ये जलंबहून खामगावचा फाटा निघाला, तो तर कापसाच्या बाजारासाठीच, आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. पायनघाटात पडीक जमिनी लागवडीखाली आल्या, खातेदारांच्या नावावर चढल्या.

आणि वर, डोंगरात? रेल्वेला स्लीपर हवेत, स्लीपरला साग. मेळघाटात राखीव जंगलाची सुरुवात याच १८६० च्या दशकात झाली. कोरकू, भिल्ल, निहाल लोक पिढ्यान् पिढ्या डोंगरउतारावर फिरती शेती करायचे. त्यांच्या पायाखालची जमीन एका नोंदीनं ‘सरकारी जंगल’ झाली. कुणी घोड्यावरून आलं नाही. बिगुल वाजलं नाही. नकाशावर रेघ पडली.

म्हणजे आपण मैदानातले लोक, कापूसवाले, रेल्वेवाले, बाजारवाले, या गोष्टीत कुठे बसलोय? गाडीच्या आत. हे ऐकायला बरं वाटत नाही, मला सांगतानाही बरं वाटत नाही. अमेरिकेसारखं इथे परदेशातून येऊन कोणी सगळाच मुलूख बळकावला असं नाही, मैदानात शेतकरी आधीपासून होताच आणि सावकारानं त्यालाही सोडलं नाही. तुलना ताणली तर तुटते. पण डोंगराच्या बाजूनं बघितलं, तर खालून येणारा प्रत्येक जण सारखाच दिसत असणार. साहेब, गार्ड, सावकार, दारूचा ठेकेदार, पाटील.

आता हिरोकडे येऊ. वेस्टर्नला लागतो तसा हिरो आपल्या शेजारी होऊन गेला. तंट्या भिल्ल, लोकांचा तंट्या मामा. निमाडचा, म्हणजे इथून पूर्णा ओलांडून उत्तरेला निघालात की बऱ्हाणपूर, आणि पुढे खंडव्याच्या अंगाला त्याचं गाव. वावर निमाड, खानदेश, वऱ्हाड, होशंगाबाद, सगळीकडे. डोक्यावर बक्षीस, मागे पोलिसांच्या तुकड्या, तुरुंग फोडून पळणं, सावकाराचं लुटून गरिबाला देणं, सगळं आहे. १८८९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं त्याची बातमी देताना त्याला हिंदुस्थानचा रॉबिनहूड म्हटलं होतं. राखी बांधायला बोलावून दगा दिला असं सांगतात. ४ डिसेंबर १८८९ ला जबलपूरला फाशी झाली. महूजवळच्या पाताळपाणीला त्याच्या नावानं रेल्वे थांबते, ही गोष्ट तर तुम्ही इन्स्टावर पाहिलीच असेल.

पण सुरुवात कशी झाली ते रीलमध्ये नसतं. सुरुवात बंदुकीनं झाली नाही. वडिलांची कसत असलेली जमीन होती, वडील गेले, सारा थकला आणि जमीन हातची गेली. तंट्या आधी कोर्टकचेरीच्या वाटेनं गेला, मग तुरुंगात, मग जंगलात. थकलेला सारा! म्हणजे आकडा. म्हणजे कागद.

माझा मुद्दा इथे आहे. जमिनीच्या भांडणाचे सिनेमे आपल्याला धूळ, घोडे, धनुष्यबाण दाखवतात. खरी जमीन बहुतेक वेळा कागदानं गेलीय. अमेरिकेतसुद्धा. १८६८ मध्येच फोर्ट लारामीचा तह झाला, ब्लॅक हिल्स हा डोंगर लाकोटांचा असं सरकारनं लिहून दिलं. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं. १८७७ मध्ये सरकारनं डोंगर काढून घेतला. केस चालत चालत १९८० मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की भरपाई द्या, व्याजासकट दहा कोटी डॉलरहून जास्त. लाकोटांनी अजून ते पैसे घेतलेले नाहीत. त्यांना पैसे नकोत, डोंगर हवाय. या शंभर वर्षांच्या केसवर जॉन वेनचा एकही सिनेमा नाही. कागदावर घोडा कसा पळवणार?

आपल्याकडच्या दोन दिग्दर्शकांनी मात्र कागदाचा सिनेमा करून दाखवला.

पहिला ‘मृगया’, १९७६, मृणाल सेन. मिथुनचा पहिला सिनेमा, आणि पहिल्याच कामाला राष्ट्रीय पुरस्कार. ‘डिस्को डान्सर’च्या आधीचा मिथुन बघायचा असेल तर हा बघा, ओळखू येत नाही. ओडिशातल्या भगवतीचरण पाणिग्राहींच्या कथेवर आहे. घिनुआ हा आदिवासी शिकारी. इंग्रज साहेबालाही शिकारीचा शौक, त्यामुळे दोघांची एक प्रकारची दोस्ती. साहेब सांगतो, मोठी शिकार आणलीस तर मोठं बक्षीस. गावात सावकार आहे, त्याचं खातं आहे, व्याज आहे. सावकार घिनुआच्या बायकोला उचलून नेतो. घिनुआ सावकाराचं मुंडकं कापून साहेबाकडे घेऊन येतो. पळून जात नाही हं, घेऊन येतो. जंगलातलं सगळ्यात घातकी जनावर मारलंय, बक्षीस द्या! एका बंडखोराला मारणाऱ्याला त्याच साहेबाच्या सरकारनं इनाम दिलेलं त्यानं पाहिलंय. मग आपल्याला फाशी का, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. आणि खरं सांगू, त्याचा प्रश्न एवढा सरळ आहे की साहेबालाही उत्तर देता येत नाही.

दुसरा ‘आक्रोश’, १९८०. गोविंद निहलानी दिग्दर्शक, पटकथा विजय तेंडुलकरांची. ब्लॅक हिल्सचा निकाल ज्या साली लागला त्याच साली आपल्याकडे हा कोर्टाचा सिनेमा आला, निव्वळ योगायोग. लहान्या भिकू या आदिवासी मजुरावर बायकोच्या खुनाचा आरोप आहे. ओम पुरी. आणि जवळजवळ पूर्ण सिनेमात तो एक शब्द बोलत नाही. सरकारनं दिलेला वकील भास्कर कुलकर्णी, म्हणजे नसीरुद्दीन शाह, जीव तोडून विचारतो. उत्तर नाही. वकिलाला हळूहळू कळतं की गावातला पुढारी, पोलीस, डॉक्टर, फॉरेमन ही सगळी एकाच टेबलावर पत्ते खेळणारी माणसं आहेत. खून त्यांच्यातल्यांनी केलाय. आणि लहान्याला पक्कं ठाऊक आहे की त्यानं काहीही सांगितलं तरी लिहिणारा हात त्याच टेबलावरचा आहे. मग कशाला बोला?

यातलं अमरीश पुरींचं काम बघा. दुसाणे, सरकारी वकील, स्वतः आदिवासी समाजातून वर आलेला. रात्री त्याला धमकीचे फोन येतात आणि दिवसा तो लहान्याच्या विरुद्ध केस लढतो. तेंडुलकरांनी सोपा खलनायक ठेवलाच नाही. आणखी एक गोष्ट आपल्या विदर्भवाल्यांसाठी. त्यात आदिवासींत काम करणारा कार्यकर्ता दिसतो ना, ते महेश एलकुंचवार आहेत, नाटककार, यवतमाळच्या पारव्याचे. शेवटचा प्रसंग मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, लहान्याचा आवाज शेवटी निघतो, आणि तो ऐकून फोन बाजूला ठेवावा लागतो.

मराठीत म्हणाल तर सगळ्यांच्या तोंडी नाव येतं ‘जैत रे जैत’, १९७७. जब्बार पटेल, स्मिता पाटील, मोहन आगाशे. गोनीदांची कादंबरी, आपल्या शेजारच्या पळसखेड्याच्या महानोरांची गाणी. ठाकर लोकांचं जगणं त्यात इतकं देखणं आलंय की मी दहा वेळा पाहिला असेल. पण त्यात नाग्याचं भांडण राणीमाशीशी आहे, जमिनीवरून नाही. सातबारा त्या डोंगरावर चढतच नाही. तक्रार नाही माझी, तो वेगळा सिनेमा आहे. फक्त ‘आदिवासींवरचा मराठी सिनेमा’ म्हटलं की ढोल, मध आणि डोंगरच आठवतो, तिथे जरा थांबावंसं वाटतं. (हिंदीतल्या पिसं लावलेल्या ‘झिंगालाला’ नाचाबद्दल तर बोलतच नाही.)

कारण गोष्टी पडल्यात की. ठाणे जिल्ह्यातला वारल्यांचा उठाव. स्वतःच्याच जुन्या जमिनीवर जमीनदाराची वेठबिगार करणारे लोक, लग्नासाठी कर्ज घेतलं की नवराबायको दोघं आयुष्यभराचे ‘लग्नगडी’. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात हजारो वारली जमले आणि वेठ बंद म्हणाले. १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले. गोदावरी परुळेकरांनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिलंय, त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. ते वाचताना पानापानावर सिनेमा दिसतो. एका ठिकाणी हजारो माणसं, हातात कोयते, आणि मागणी काय, तर आमच्याकडून फुकट काम करून घेऊ नका. पण ‘शोले’ सोडा, ‘आक्रोश’एवढाही घरोघरी पोचलेला सिनेमा त्यावर झाला नाही.

मग शहाद्याची चळवळ. १९७० च्या आसपास, भिल्ल शेतमजूर, अंबरसिंग महाराज, पुढे श्रमिक संघटना. गेलेल्या जमिनी परत द्या ही मागणी. अशा चळवळींच्या रेट्यात राज्यात कायदा बदलला. ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला कलेक्टरच्या परवानगीशिवाय घेता येत नाही. आणि १९५७ पासून तोवर गेलेल्या जमिनी परत करण्यासाठी वेगळा कायदा आला. तुमच्या ओळखीत कोणी ‘आदिवासीची आहे, स्वस्तात मिळतेय, नावावर नंतर करू’ असं म्हणत असेल तर त्याला हे सांगा. नंतर होत नसतं.

जंगलाच्या जमिनीचं प्रकरण त्याहून अवघड, कारण तिथे समोर सावकार नाही, सरकार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं म्हटलं की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी जंगलजमीन कसतोय त्याला चार हेक्टरपर्यंत हक्क मिळेल. आपल्याच जिल्ह्यात जळगाव जामोद, संग्रामपूरच्या वरच्या गावांत हा कायदा म्हणजे रोजच्या भाकरीची गोष्ट आहे. दावा करायचा म्हणजे पुरावे आले. आणि इथे कायद्यानं एक वेगळी गोष्ट केलीय. पुरावा म्हणून फक्त सरकारी कागदच हवा असं नाही. शेतातला जुना बांध चालतो, विहीर चालते, पूर्वजांचं स्मशान, देवाची जागा चालते. गावातल्या म्हाताऱ्या माणसानं सांगितलेलं लिहून घेतलं तर तेही चालतं. एकटं नाही, दुसऱ्या पुराव्यासोबत, पण चालतं. लहान्या भिकूचा सिनेमा पाहून मग हा नियम वाचा.

आता तो जबाब लिहिणारा कोण, वरच्या समितीत फाईल का अडते, दावा फेटाळला तर अपील कुठे, हा वेगळा भाग होईल. फेटाळलेल्या दाव्यांचं महत्त्व मात्र ध्यानात ठेवा. १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं अशा लोकांना जंगलातून हटवण्याचा आदेश दिला आणि दोनच आठवड्यांत, २८ तारखेला, स्वतःच त्याला स्थगिती दिली. त्या दोन आठवड्यांत देशभरात लाखो घरांचा जीव टांगणीला होता.

आणि कॅमेऱ्याचं म्हणाल, तर मार्च २०१८ आठवा. नाशिकहून मुंबईला पायी निघालेला तो लाल टोप्यांचा मोर्चा, ६ ते १२ मार्च. सगळ्यांनी ‘शेतकरी मोर्चा’ म्हणून पाहिला. त्यात बहुसंख्य आदिवासी होते आणि मोठी मागणी कसत्या वनजमिनीचा कागद ही होती. परीक्षेच्या पोरांना त्रास नको म्हणून मुंबईत शेवटचं अंतर ते रात्रीच चालले. फाटलेल्या तळव्यांचे ते फोटो तुमच्या मोबाईलवर आले होते, माझ्याही. शायेन लोकांच्या पायपिटीवर फोर्डला सिनेमा काढायला शहाऐंशी वर्षं लागली.

बघायचा क्रम विचाराल तर मी म्हणेन ‘स्टेजकोच’, मग ‘द सर्चर्स’, मग एक दिवस मध्ये जाऊ द्या, मग ‘मृगया’ आणि शेवटी ‘आक्रोश’. कुठल्या ॲपवर काय असतं ते दर महिन्याला बदलतं, शोधून घ्या. ‘आक्रोश’ एकट्यानं रात्री बघू नका. आणि तुमच्या घरी, गावात तंट्या मामाची ऐकलेली एखादी गोष्ट असेल, आजोबा-आजीच्या तोंडची, तर व्हॉइस नोट पाठवा. लिहून नको, त्यांच्याच आवाजात. पुढच्या भागात वनहक्काच्या दाव्याची फाईल घेऊन बसू.